थावॉनच्या पुस्तकातली दोन पानं

फेचबुरी
रविवार, ४ फेब्रुवारी

सनितदादा,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

तुमचा पंखा मिळाला. फुलांची चक्रं कोमेजतात म्हणून हल्ली लोक विजेचे पंखेच पाठवतात, तेव्हा विहारात थावॉनच्या शवपेटीभोवती बावीस पंखे उभे होते. प्रत्येकाच्या गळ्यात पाठवणाऱ्याच्या नावाची पट्टी. एकावर मात्र नुसतं ‘त्रांगहून’. नाव नाही, गाव आहे. मी ओरथायला म्हटलं, “बघ, चौदा वर्षं रुसलेला माणूस असा पंखा पाठवतो.” ती म्हणाली, “आई, पाठवला तरी!” लेक बापावर गेली आहे, तिला सगळ्यात चांगलंच दिसतं.

सात संध्याकाळी प्रार्थना चालल्या आणि सातही संध्याकाळी मी दाराकडे बघत होते. तुम्ही आला नाहीत. मला फार वाईट वाटलं, ते लिहून टाकते म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

तो कसा गेला हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. वीस डिसेंबरला दुपारी कोवळ्या ताडफळाची आमटी केली होती. दोन वाडगे रिचवले, मग “आज मीठ कमी आहे” अशी कुरकुर केली आणि मागच्या ओट्यावर जाऊन आडवा झाला. चार वाजता कॉफी घेऊन गेले तेव्हा संपलं होतं. एकाहत्तराव्या वर्षी, भरल्या पोटी, कुणाला एक दिवस त्रास न देता गेला. शेवटचे शब्द काय, तर मीठ कमी आहे. आणि मीठ बरोबर होतं, मी नंतर चाखून पाहिलं.

आता कामाचं. दहनासाठी आम्ही शंभर दिवस थांबलो आहोत, तोवर पेटी विहारातच आहे. शंभरावा दिवस गुरुवारी येतो आणि शुक्रवारी कुणी दहन करत नाही, म्हणून शनिवार, तीस मार्च ठरला आहे. त्या दिवशी वाटायचं आठवणींचं पुस्तक मी आणि ओरथाय तयार करतो आहोत. पाणीपुरवठा कार्यालयातल्या सात जणांनी लिहून दिलं. साती पानं एकाच माणसाने लिहिल्यासारखी आहेत. मोठ्या साहेबांनी लिहिलंय, ‘थावॉन मितभाषी आणि वेळेचे पक्के होते.’ मी कपाळाला हात लावला. मितभाषी! मीटर वाचायला घरात शिरला की त्या घरातल्या सुनेच्या माहेरची खबर घेऊन बाहेर पडणारा माणूस! आणि वेळेचं म्हणाल, तर स्वतःच्या लग्नात भिक्खू येऊन बसले होते आणि नवरदेव तुमच्या पंपघरात होता. तिथे तुम्ही दोघं काय करत होता, ते मला अजून कळलेलं नाही.

तीस वर्षं तुम्ही पंपावर आणि तो मीटरवर. त्याच्या थापा, त्याचा आडमुठेपणा, बुद्धिबळात प्यादं सरकवून आकाशाकडे बघण्याची त्याची खोड, हे सगळं तुम्हालाच ठाऊक आहे. मला तुमच्याकडून दोन पानं हवीत. शिव्या घातल्यात तरी चालतील, फक्त त्यालाच शोभतील अशा असू द्या. दहा मार्चला मजकूर छापखान्यात जातो.

लमाय


फेचबुरी
सोमवार, १९ फेब्रुवारी

सनितदादा,

तुमचं कार्ड आलं. एकच ओळ: ‘आठवणींची पुस्तकं तो कशी छापून घेतो हे आमच्या घराने पाहिलं आहे.’

बरं. निघालाच आहे विषय तर निघू दे. ओरथायला मी त्या दिवसाची हकीकत कधी नीट सांगितली नव्हती, ती काल सांगावी लागली. तुमच्या आईचं, फयोमकाकूंचं दहन होतं. तुम्ही पाहुण्यांत अडकलेले, म्हणून पुस्तकाचं काम थावॉनने अंगावर घेतलं. तीनशे प्रती आल्या, वाटल्या गेल्या. मार्चचं ऊन, मंडपात वारा नाही, लोक पुस्तकानेच वारा घेत बसले. आणि पहिल्या रांगेतल्या तुमच्या युपिनमावशी उठून पेटीपाशी चंदनफूल ठेवायला निघाल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं तर तीनशे माणसं त्यांच्याच चेहऱ्याने वारा घेत होती. वर नाव फयोमचं, खाली फोटो युपिनचा. कोपऱ्यातली तांदूळवाली म्हातारी तर हात जोडून म्हणाली, “बाई, तुम्ही गेलात ना? मग परत कशाला आलात?”

ओरथाय हसून हसून गडाबडा लोळली. मग माझं तोंड बघून उठून बसली.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी नऊ भिक्खू बोलावून आयुष्यवाढीची पूजा घातली आणि त्यानंतर अकरा वर्षं ठणठणीत जगल्या. पण तुम्ही त्याच महिन्यात निवृत्त झालात आणि लेकाच्या रबराच्या बागेत राहायला त्रांगला निघून गेलात. चूक झाली खरी. माणसाकडून होते. ती कशी झाली ते आता उगाळण्यात अर्थ नाही.

तुम्हाला दुसरं काही सांगते. परवा एक बाई आली, मी तिला ओळखत नव्हते. वीस वर्षांपूर्वी तिचा नवरा घर सोडून गेला होता. थावॉन दर महिन्याला तिच्याकडे मीटर वाचायला जायचा आणि तिच्या पोराला खांद्यावर बसवून त्याच्याकडून आकडे वाचून घ्यायचा. तो पोरगा आता शाळेत गणित शिकवतो. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढा बडबड्या माणूस, पण नेमकं हेच कधी बोलला नाही. त्या बाईला मी जेवायला ठेवून घेतलं आणि आम्ही दोघी त्याला नावं ठेवत पोटभर जेवलो. असे दिवस बरे जातात, दादा. मी रडत बसलेय असं समजू नका.

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो निवडायचा आहे. ओरथायने सगळे फोटो चटईवर मांडले आणि म्हणाली, “आई, तू निवड.” मी म्हटलं, “तूच निवड, मला दुकानासाठी भट्टीवरच्या मोकेंग मिठाईच्या थाळ्या उतरवायच्या आहेत.” भट्टी पेटलेली नव्हती.

दोन पानांचं बघा.

लमाय


त्रांग
२६ फेब्रुवारी

लमाय,

तू पहिल्यापासून अशीच. मागच्या दाराने शिरतेस आणि थेट स्वयंपाकघरात बसतेस. आता ऐक.

फोटो चुकला म्हणून मी रुसलो, असं सगळ्या फेचबुरीला वाटतं. लोक मला वेडा म्हणतात. म्हणू देत. तू तरी नीट ऐक. दहनानंतर तिसऱ्या दिवशी थावॉन आमच्याकडे आला. तबकात फुलं, उदबत्त्या, सगळं रीतसर. गुडघे टेकून माफी मागितली. मी म्हटलं, “ते राहू दे. मला एवढंच सांग, हे झालं कसं? आई गेली तेव्हा माझ्याइतकाच तू रडलास. लग्नाआधी दहा वर्षं रोज दुपारी तिच्या हातचं जेवलास. तिचा चेहरा तुला ओळखता आला नाही?”

त्यावर तो काय करतो? हसतो. “दोघी बहिणी सारख्याच दिसतात रे,” म्हणतो.

मी त्याला पुन्हा विचारलं. पुन्हा हसला. तेव्हा मी उठून आत गेलो. जिने त्याला पोरासारखं जेवू घातलं तिचं तोंड विसरून हा हसत होता, लमाय. फोटोचं मी एका वर्षात विसरलो असतो. ते हसणं मला नाही विसरता आलं.

तो गेला हे कळलं त्या दिवशी मी बागेत गेलो नाही. सुनेने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, गुडघा दुखतोय. पुरे एवढं. दोन पानं माझ्याकडून होणार नाहीत. खोटं चांगलं लिहिणारे सात जण तुला मिळाले आहेत. खरं वाईट लिहून मला तुझ्या पोरीचं मन मोडायचं नाही.

सनित


फेचबुरी
शुक्रवार, १ मार्च

सनितदादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चष्मा लावून वाचलं. चष्म्याचं मुद्दाम लिहिते आहे, कारण सगळं तिथेच आहे.

तो फोटो मी दिला.

दहनाआधी चार दिवस घाटाजवळची मोठी वाहिनी फुटली होती, आठवतंय? अर्धं गाव कोरडं. थावॉन दोन दिवस चिखलातच होता. छापखान्याचा माणूस घरी आला आणि म्हणाला, “वहिनी, आज फोटो दिला नाही तर पुस्तक वेळेत होणार नाही.” तुम्ही दिलेल्या पाकिटात दोन फोटो होते, एक मुखपृष्ठासाठी तुमच्या आईचा आणि एक आतल्या घरच्यांच्या पानासाठी मावशींचा. तेव्हा मला एक्कावन्नावं लागलं होतं. डोळे सहा महिन्यांपासून अधू झाले होते आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. चष्मा लावला की म्हातारी दिसेन, एवढंच कारण. बाजारात माझ्या दुकानाशेजारी नव्या लग्नाची पोरगी मोकेंग विकायला बसायची. हसा हवं तर.

तो माणूस म्हणाला, “नक्की हाच ना? मागे नावं लिहिलीत, बघून घ्या.” मी म्हटलं, “फयोमकाकूंना मी ओळखणार नाही होय? त्यांच्या घरात माझं अर्धं आयुष्य गेलं.” मला दोन पुसट चेहरे दिसत होते. एकीच्या अंगात जांभळं पोलकं होतं, तो रंग मला आवडला. मी तो फोटो दिला आणि भट्टीकडे वळले.

मंडपात सगळं उघड झालं तेव्हा मी थावॉनचा हात धरला आणि म्हटलं, “मी. मी दिला तो.” त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन म्हणाला, “गप्प बस. मी पाणीपुरवठ्यातला माणूस आहे. नळाला पाणी आलं नाही की सगळं गाव मला शिव्या घालतं, त्यात ही एक. तुला उद्या बाजारात त्याच बायकांमध्ये बसायचंय.” आणि पुढे होऊन त्याने सगळ्यांसमोर हात जोडले.

मी गप्प बसले.

तुमच्याकडून तबक घेऊन परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. मी विचारलं, “काय म्हणाला सनितदादा?” म्हणाला, “उतरेल राग. आईचं दुःख आहे ते, माझ्यावर काढतोय.” तो तिथे हसला, हे मला तुमच्या पत्रातून आज कळतं आहे. तुम्हाला ठाऊक आहे ना तो कधी हसायचा? साहेबाने कोंडीत पकडला की. खोटं सांगायचं नसलं आणि खरं सांगता येत नसलं की तो हसायचा. तुमच्या आईचा चेहरा तो विसरला नव्हता. त्याने तो फोटो पाहिलाच नव्हता.

आता माझं. पहिलं वर्ष मी लाजेने बोलले नाही. दुसऱ्या वर्षी म्हटलं, पत्र लिहिते, तर तो म्हणाला, “आता मावशी हयात आहेत, तुझं नाव निघायला नको.” मावशीही गेल्या. त्यानंतर मला कुणीच अडवलं नव्हतं. मी लिहिलं नाही, कारण न लिहिणं सोपं होतं. सगळे म्हणायचे, “लमायचा नवरा वेंधळा, पण लमाय कशी सांभाळून घेते.” मला ते ऐकायला बरं वाटायचं, दादा. रोज संध्याकाळी तो पट मांडायचा, दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचा आणि तुमच्या बाजूने हरला की तुम्हाला शिव्या द्यायचा. मी स्वयंपाकघरातून ते ऐकायचे. तरी मी लिहिलं नाही.

ओरथायला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, “बाबांनी तुझ्यासाठी सनितकाकांना गमावलं.” हो. तसंच आहे ते.

माफी मी पत्रातून मागत नाही. ती समोर बसून मागायची असते. पण थावॉनवरचा राग सोडा. तो राग त्याचा नव्हताच, माझा होता. तीस तारखेला या.

लमाय


फेचबुरी
गुरुवार, १४ मार्च

सनितदादा,

तुमचं उत्तर आलं नाही. छापखान्याचा माणूस तीनदा येऊन गेला. मी त्याला सांगितलं, “दोन पानं वर नुसतं नाव घालून कोरी सोडा. नाव: सनित, पंपघर.” तो म्हणाला, “वहिनी, लोक समजतील पुस्तक चुकलं.” मी म्हटलं, “समजू देत. या घराला सवय आहे.”

मुखपृष्ठाचा फोटो मी निवडला. मागचं नाव दोनदा वाचून.

लमाय


फेचबुरी
शुक्रवार, ५ एप्रिल

सनितदादा,

तुम्ही सोमवारी त्रांगला पोचल्याचं सूनबाईंनी कळवलं. माझ्याशी मात्र दोन दिवसांत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. म्हणून दहनाच्या दिवशी मी काय पाहिलं ते तुम्हाला कळायला हवं.

तुम्ही मंडपात शिरलात तेव्हा मी ओळखलंच नाही. किती वाळलात हो! ओरथाय धावली आणि तिने तुमच्या हातात पुस्तक दिलं. तुम्ही उभ्या उभ्या पानं उलटायला लागलात. साहेबांच्या ‘मितभाषी’पाशी तुम्ही फस्सकन हसलात, ते ऐकून पुढच्या दोन रांगा वळल्या. मग तुमचं पान आलं. वर तुमचं नाव, खाली काही नाही. तुम्ही ते पान उलटलं, पुन्हा मागे आलात, आणि साहेबांना म्हणालात, “पेन द्या.” तीस वर्षांत तुम्ही त्यांना कधी ‘साहेब’ म्हटलं नाहीत आणि परवाही म्हटलं नाहीत. त्यांनी निमूटपणे खिशातलं पेन काढून दिलं.

तुम्ही पायरीवर बसून लिहीत होता. चंदनफुलं ठेवायची रांग सुरू झाली, संपत आली, तरी तुम्ही लिहीतच होता. मोठे भिक्खू म्हणाले, “उशीर होतोय.” ओरथाय म्हणाली, “भंते, बाबांचे मित्र आहेत. बाबांना उशिराची सवय होती.” भिक्खू हसले आणि थांबले. मग तुम्ही उठलात, पेटीपाशी गेलात, फूल ठेवलं आणि त्याच्यावर पुस्तक ठेवलं. काहीतरी बोललात. मी चार हातांवर होते, मला एवढंच ऐकू आलं: “गाढवा, सांगायचं नाही का?” त्यानंतर तुम्ही कपाळ पेटीला टेकलंत आणि मला पुढचं दिसेनासं झालं.

तुम्ही काय लिहिलंत ते मी कधी विचारणार नाही. ते त्याच्यासाठी होतं आणि त्याला पोचलं.

पण तुमच्यामुळे काय होऊन बसलं बघा. तुम्हाला लिहिताना पाहून लोकांना वाटलं, ती पानं त्यासाठीच सोडली आहेत. ज्याने त्याने पेन काढलं. आतापर्यंत एकेचाळीस पुस्तकं घरी परत आली आहेत, दोन्ही पानं भरून. तुमच्या नावाखाली एकाने लिहिलंय की थावॉन त्याच्या कुत्र्याशी त्याच्यापेक्षा जास्त आदराने बोलायचा. तांदूळवाल्या म्हातारीच्या नातवाने लिहिलंय, थावॉनकाका गाण्यात बेसूर होते आणि ते त्यांना कुणीही सांगितलं नाही. मोठ्या साहेबांनीसुद्धा पुन्हा लिहून पाठवलं: ‘ते एकदाही वेळेवर आले नाहीत. ते निवृत्त झाल्यापासून कार्यालय वेळेवर भरतं आणि कुणाला करमत नाही.’ मी आणि ओरथाय रोज दुपारी दोन-तीन वाचतो. कालचं वाचताना ती म्हणाली, “आई, बाबा आता कुठे घरी आल्यासारखे वाटतात.”

रविवारी सकाळी अस्थी वेचताना तुम्ही बाजूला उभे होता, ते मी पाहत होते. तुम्ही ओरथायला हळूच विचारलंत, “मी घरचा नाही. पण एक तुकडा नेला तर चालेल का?” तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार? तुम्ही खिशातून धुवट रुमाल काढलात. तुम्ही तो घरूनच घेऊन आला होता, इस्त्री करून. ते पाहून मी आत जाऊन रडले. बऱ्याच दिवसांनी पोटभर रडले, आणि बाहेर येऊन सगळ्यांना भात वाढला.

सूनबाई सांगतात की त्याच्या अस्थीची कुपी तुम्ही देवघरात न ठेवता पुढच्या ओसरीवर, तुमच्या खुर्चीशेजारी ठेवली आहे. ठीक आहे. तिथून त्याला रस्ता दिसेल, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशा करता येतील.

आता माझं राहिलं. त्याला तुम्ही मोकळं केलंत. मला नाही केलंत, आणि ते बरोबर आहे. माझी चूक अजून माझ्याच पदरात आहे. पुढच्या शनिवारी सोंगक्रान आहे. नव्या वर्षाला वडीलधाऱ्यांच्या हातावर सुगंधी पाणी घालून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची, तशी माझी एका वर्षाची नाही, चौदा वर्षांची आहे. ओरथायने शुक्रवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली आहेत. थावॉनच्या अस्थींना पाणी घालायचं म्हणून आम्ही येतोय, असं सूनबाईंना सांगितलं आहे. तुम्हाला खरं सांगते.

मोगऱ्याचं पाणी मी बरोबर आणते. मी तुमच्यासमोर खाली बसेन. हात पुढे करायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

लमाय